कितीतर

सुप्याच्या अलीकडे, फॉरेस्टच्या तारेला लागून
तीन एकर बारा गुंठे. सातबारावर आता माझं नाव.
निम्म्याहून जास्त पोटखराब.
पोटखराब म्हणजे कुसळी गवत, चार हिवर, बोरीचं एक जाळं
आणि जाळ्यात, आण्णा म्हणायचे, कितीतर.

तित्तर तेच तर ओरडतो, नीट ऐका:
कि-ती-तर, कि-ती-तर, कि-ती-तर.

आण्णा आठवडाभर खडकीच्या कारखान्यात काडतुसं भरायचे,
रविवारी पहाटे इथे ती रिकामी करायचे.
सोबत जंगू काळे, त्याच्या खांद्याला वेताचा पिंजरा,
पिंजऱ्यात पाळलेला तित्तर. नाव पैलवान.
पैलवान आतून आरोळी द्यायचा,
आणि गवतातून रानातला नर चालत यायचा, मान ताठ,
आपल्या सातबारावर
कोणी परक्यानं नाव चढवलंय, अशा रागात.
पुढचं मला पिशवीच्या वजनावरून कळायचं.
घरी परतताना ती माझ्या मांडीवर असायची,
थोडा वेळ गरम.

बाहत्तर साली दुष्काळ आला आणि कायदाही आला.
आण्णांनी दोघांनाही सारख्याच शिव्या घातल्या.
पुढे एका निवडणुकीत बंदूक चौकीत जमा केली,
ती आणायला ते गेलेच नाहीत.
पावती अजून आहे. दुमडलेली, रेशनकार्डात.

रिटायर झाल्यावर मी आले
मार्केट यार्डातून दहा किलो बाजरी घेऊन.
आधी जेसीबी लावून जागा स्वच्छ केली.
बाजरी उधळली. वाट पाहिली.
शेजारच्या वस्तीवरच्या कोंबड्या आल्या,
सगळ्या, रोज, वेळेवर.

हिरकन, जंगूची मुलगी, बांधावर बसून हसली.
"जेवायला बोलावलंस बाई,
पण लपायला जागा कुठं ठेवलीस?"

मग तिनं दाखवलं.
मऊ मातीतला ताटलीएवढा खळगा, जिथे ते धुळीनं न्हातात.
काटक्यांनी काढल्यासारखी तीन बोटांची पावलं.
पांढरं टोक असलेली लेंडी, ओली म्हणजे आजची.
रात्री ते हिवरावर चढतात, फार उंच नाही,
माझ्या खांद्याच्या थोडं वर.
दाणा नको टाकूस. शेणाच्या पोवट्या पडू दे,
खाली वाळवी लागू दे, पिल्लं त्यावर वाढतात.
फुटका रांजण गळ्यापर्यंत पूर,
आत एक दगड ठेव. पिल्लू पडलं तर चढायला.
आणि गवताला हात लावू नकोस.

दोन वर्षं मी काहीही केलं नाही.
इतकं काम मी डेपोतल्या नोकरीतही केलं नव्हतं.

एका सकाळी हिरकननं तोंडाशी ओंजळ धरली
आणि बापाच्या पैलवानासारखी आरोळी दिली.
लांबून उत्तर. मग जवळून.
मग गवत एका रेषेत हललं
आणि तो आला, दहा हातांवर, उघड्यावर,
गळ्याखाली काळी गोफ, पायाला आर.
माझं पहिलं बोट आपोआप वाकलं.
मी आयुष्यात कधी बंदूक धरलेली नाही.

त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
भांडायला कोणीच नव्हतं.
दोन म्हाताऱ्या बायका, एक पाण्याची बाटली.
तो उभा राहिला जरा वेळ, ओशाळल्यासारखा,
आणि आल्या वाटेनं गेला.

"लबाडीचं बोलावणं एकदाच," हिरकन म्हणाली.
"पुन्हा केलंस तर तो जागा सोडंल."
आम्ही पुन्हा केलं नाही.

आता मी नुसती बसते. काही दिवशी काहीच नसतं.
काल रांजणापाशी सात पिल्लं होती, आज पाच.
मुंगूस असेल, किंवा मोजण्यात चूक.

मघाशी चौफुल्याच्या एजंटाचा फोन आला.
"मॅडम, पोटखराब धरून विचारतोय, गुंठ्याला किती?"
बोरीच्या जाळ्यातून तेवढ्यात सुरू झालं होतं.
मी फोन तिकडे धरला.
तो म्हणाला, आवाज येत नाहीये.