नदीखालचा मंगळवार

मंगळवारी हिची दवाखान्यात लांबची पाळी,
म्हणून शाल्मली आणि मी
नदीखाली जातो.

हॅम्बुर्गात बघण्यासारखं पुष्कळ आहे.
वरच्या मजल्यावरच्या फ्राउ क्लासेननी
आम्ही आलो त्याच आठवड्यात यादी करून दिली,
मुंगीएवढ्या अक्षरात:
मनोरा, कालवे, विटांची गोदामं,
रविवारचा मासळीबाजार (पहाटे जा, मोजे दोन घाला).
यादी फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.

शाल्मलीची यादी वेगळी.
तिच्यात एक गटाराची जाळी, जिच्यातून वाफ येते,
एक लंगडं कबुतर
आणि लिफ्ट.

लिफ्ट म्हणजे घोडागाडी मावेल अशी लाकडी खोली.
शंभर वर्षांपूर्वी गोदीतले कामगार
हिच्यातूनच उतरायचे म्हणे, डबे घेऊन.
आता सायकली, दोन-तीन छत्र्या, कुणाचा ओला कुत्रा,
आणि सगळ्यांना मान वर करून
"मोइन" म्हणणारी आमची पावणेदोन वर्षं.
दार उघडतं. ती उतरते. वळते.
"नोखमाल."
म्हणजे पुन्हा.
"पुन्हा" तिला येतं, नाही असं नाही,
पण ते ती वरणभातासाठी राखून ठेवते.

पहिल्या मंगळवारी सात वेळा खाली, सात वेळा वर.
बोगदा पाहिलाच नाही.

दुसऱ्या खेपेला पाहिला:
पांढऱ्या फरशांची लांबच लांब नळी,
भिंतीवर मातीचे चकचकीत मासे, खेकडे,
एक फाटका बूट आणि त्याच्याभोवती उंदीर.
प्रत्येकाला हात लावायचा, हा नियम.
"माशा. माशा. बूट."
आणि उंदरांना, अगदी लाडानं, "मामा."
खऱ्या मामाला फोनवर
तिनं अजून एकदाही हाक मारलेली नाही.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

"वर काय?"
वर पाणी.
"पाण्यावर?"
जहाज.
"जहाजात?"
डबे. मोठे मोठे डबे.
"डब्यात?"
आता ते मला तरी कुठे ठाऊक.
ती थांबते, विचार करते.
"पोळी," म्हणते,
आणि पुढे चालू लागते, प्रश्न मिटल्यासारखी.

फेब्रुवारीत तिचा हातमोजा पडला तिथे. डावा, निळा.
लक्षात आलं ते थेट पलीकडच्या काठावर.
तिथून सगळं शहर दिसतं, मनोऱ्यासकट,
यादीतलं निम्मं तरी एकाच नजरेत,
पण मी बघत होतो फरशीकडे,
आणि ती रडत होती
बोगदाभर, दुप्पट आवाजात,
कारण बोगदा प्रत्येक हुंदका परत देत होता.
झाडू मारणारा उवे म्हणाला, सापडेल.
इथे काही हरवत नाही, फक्त
कुठेतरी ठेवलेलं असतं.

मग ताप आला, मग दाढा आल्या,
मग हिच्या पाळ्या बदलल्या,
मंगळवारचा गुरुवार झाला,
गुरुवारी पाऊस.

एप्रिलात गेलो तर
भिंतीवरच्या एका माशाच्या नाकाडावर
निळा हातमोजा,
टोपीसारखा बसवलेला, धुळीनं राखाडी.
मी जवळजवळ ओरडलोच, शालू, बघ!

तिनं पाहिलं.
ओळखीचं काही चेहऱ्यावर आलं नाही.
मी तो झटकला, तिच्या हातावर चढवून पाहिला,
बोटांच्या पेरांपाशी अडला.
तिनं शांतपणे ओढून काढला,
मला उचलून घ्यायला लावलं
आणि परत माशाच्या नाकावर ठेवला.

"बाळाचा आहे," म्हणाली.
"बाळ येईल."

तीन शब्दांचं वाक्य, क्रियापदासकट.
त्याच्याआधी तिचं असं वाक्य
मी ऐकलं नव्हतं.

उजवा हातमोजा
फेब्रुवारीपासून माझ्या कोटाच्या खिशात होता,
ट्रामच्या नव्हे, लिफ्टच्याही नव्हे,
कुठल्यातरी बेकरीच्या चुरगळलेल्या पावतीत गुंडाळलेला.
मी तो काढला नाही.
मूठ मिटून धरून ठेवला,
ती पुढे धावली तेव्हा,
लिफ्टचं दार उघडत होतं तेव्हा,
आणि कुणीतरी सायकल बाजूला घेऊन
तिला वाट करून देत होतं तेव्हाही.