दोनच प्रश्न

स्पोकेनच्या या दुकानात
आम्हाला दोनच प्रश्न विचारायची मुभा:
कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का?
आणि त्याला काम काय शिकवलंय?
तिसरा विचारला तर नोकरी गेली.

डार्लीनबाई दोन्ही उत्तरं पाठ करून येतात.
ट्रॉलीत त्यांचा वॅफल,
अंगात लाल जाकीट, तेवीस डॉलरचं, घरपोच आलेलं,
घड्यासुद्धा मोडल्या नाहीत अजून.

पावांच्या फळीपाशी वॅफलने पाय वर केला.
मी मॉप आणला.
"घाबरट आहे हो," त्या म्हणाल्या,
"मी जवळ नसले की थरथरतो नुसता."
कोण कुणाला सांभाळतं,
हा तिसरा प्रश्न. गिळला.

तेवढ्यात ऑर्व्हिल आले, पुढे टॅन्सी,
तिच्या पट्ट्याची मूठ झिजून पांढरी.
वॅफलने उडी टाकली ती थेट तिच्या कानावर.
टॅन्सी भुंकली नाही.
ऑर्व्हिल आणि ट्रॉलीच्या मध्ये
आडवी उभी राहिली फक्त,
कान ठिबकत.

मॅनेजर धावत आला
आणि दिसत नसलेल्या माणसापुढे
हात पसरून म्हणाला,
"कागदपत्रं दाखवा."

मी पुसत राहिलो.
फरशी केव्हाच कोरडी झाली होती.