मावेल तेवढं

सोळाव्या हप्त्याला ज्योत्स्नाला भिशी लागली.
तिनं ओट्यावर नोटांचे दोन गठ्ठे केले.
हा गिझरचा. हा तुझ्या त्या कार्डाचा.
तीस. वर एक रुपया मागायचा नाही.

तेव्हापासून अठरा रात्री
घणसोलीच्या या खोलीत मी
दोन कार्डांच्या मधे झोपतोय.

एक हिरव्या कंपनीचं, आठ जीबी,
अंगानं आटोपशीर, वीज बेताची खातं,
माझं रेंडरचं सॉफ्टवेअर त्याच्याशी
माहेरच्या माणसासारखं बोलतं.
एकतीस हजार चारशे.

दुसरं लाल कंपनीचं, बारा जीबी, तीन पंखे,
अठ्ठावीस हजार नऊशे,
आणि सॉफ्टवेअर त्याला ओळख देत नाही.

चार जीबीनं असं काय होतं, तुम्ही म्हणाल.
सांगतो.
मी बिल्डरांसाठी फ्लॅट काढतो, अजून न बांधलेले,
उलव्याला, तळोजाला, खारघरला डोंगराच्या अंगाला.
तिथलं सकाळचं ऊन मी पाडतो.
सोफ्यावर उशी मी ठेवतो, बाल्कनीत तगर,
खाली हिरवळ, हिरवळीवर धावणारं एक मूल.
माझ्या जुन्या कार्डात चार जीबी.
त्यात सोफा मावतो, ऊन मावतं.
हिरवळ घातली की पडदा गोठतो
आणि खाली ओळ येते, मेमरी संपली.
मग मी गवत विरळ करतो,
झाडं पातळ करतो.
मागच्या महिन्यात मूल काढलं.
बिल्डर म्हणाला, फर्स्ट क्लास.

यामिनी नववीत, तिचा हिशेब निराळा.
बाबा, साठ फ्रेम तरी हव्यात,
त्याखाली गाडी वळताना अडखळते.
दोन्ही कार्डांचे आकडे ती
दिवेलागणीला पाढे म्हणावेत तसे म्हणते.
वर मलाच शिकवते,
एकच झाड बनव ना, तेच शंभरदा उभं कर.
अगं, तेच करतो.
बिल्डरही तेच करतो.

वाशीला, सेक्टर सतरात, बिजूच्या दुकानात गेलो.
त्यानं दोन्ही खोकी काचेवर ठेवली
आणि विचारलं, तुमचं कॅबिनेट आतून किती लांब?
अठरा रात्रींत हे मला सुचलं नव्हतं.

घरी येऊन झाकण उघडलं.
धूळ, एक हरवलेला स्क्रू, पालीच्या अंड्याचं कवच.
ज्योत्स्नाच्या ब्लाउजच्या टेपनं मोजलं,
साडेसत्तावीस सेंटिमीटर.
लाल कार्ड तीसच्या वर.
शिवाय त्याला नवा पॉवर सप्लाय, म्हणजे आणखी चार हजार.
संपलं. सुटलो.

सुटलो म्हणालो खरा,
पण दोन वाजेपर्यंत टेप गळ्यात घालून बसलो होतो,
शिंप्यासारखा, गिऱ्हाईक निघून गेलेल्या.
बारा जीबीत संध्याकाळ पण मावली असती,
खिडक्यांतले दिवे, एकेक.

उरले चौदाशे.
बिजू म्हणाला, जुनं कार्ड आणा, बघू.
बघायला रबाळ्याचा एक मुलगा उभा होता,
हातात हेल्मेट, शर्टावर कुरिअर कंपनीचं नाव.
किती जीबी?
चार, मी जरा खालच्या आवाजात म्हणालो.
चार! त्याचा चेहरा असा काही उजळला
की मला उगाच वाटलं, मी स्वस्तात देतोय.
चौदाशे मोजून त्यानं कार्ड
रुमालात गुंडाळलं, पाठीवरच्या सॅकमध्ये
कुणाच्या तरी पार्सलांवर ठेवलं, सगळ्यात वर.

आता रात्रीचा एक.
हिरवं कार्ड आत बसलंय, पंख्याचा आवाज नवा आहे.
यामिनीनं आधी तिची गाडी पळवली,
बावन्न, म्हणाली, चालेल,
आणि झोपली.
मी हिरवळ घातली. थांबलो. मावली.
मग मूल.
तगर अजून बाहेरच ठेवलीय.
एकाहत्तर टक्के झालंय,
त्याचा एक पाय जमिनीवर,
दुसरा अजून आलेला नाही.