चाळीस डॉलर

डुलुथला एप्रिल लागला, सरोवर अजून गोठलेलंच.
लोर्ना हेइक्किनेन बापाचा शेवटचा रिटर्न भरतेय.
नावापुढे लिहायचं : मयत. मग तारीख.
नऊ ऑक्टोबरपर्यंतचं सगळं वायनोचं,
पुढचं ज्याच्या हाती पडेल त्याचं.

ऑक्टोबरची पेन्शन सरकारनं खात्यातून परत नेली.
महिना पुरा जगायला हवा होता म्हणे.
तिनं हुज्जत घातली नाही.

पण नोव्हेंबरात दाराशी एकजण आला होता,
टोपी काढून हातात धरलेली :
'वायनोनं माझ्या बोटीची मोटर दुरुस्त केली होती.
हे द्यायचे राहिले.'

नियम तिनं तीनदा वाचला.
घाम त्याचा,
पण पैसे आले तुझ्याकडे,
म्हणजे मिळकत तुझी.

लपवले असते तर कोण विचारणार होतं?
टोपीवाला तर मुळीच नाही.
तिनं स्वतःच्या फॉर्मवर, तिच्याच रकान्यात,
चाळीस लिहिले.
कर आला चार डॉलर ऐंशी सेंट,
तो तिनं आपल्या पगारातून भरला.

नोटा कॉफीच्या डब्यात आहेत.
झाकण उघडलं की
अजून पेट्रोलचा वास येतो.