प्रात्यक्षिक सात

निपाणीच्या कॉलेजात, मागच्या अंगाला,
तंबाखूच्या वखारीकडं उघडणाऱ्या खिडकीशी
लोणच्याच्या उंच बरणीत सकाळीच कागद टांगला.
पेन्सिलीच्या रेघेवर पाच थेंब:
लायसीन, ग्लायसीन, प्रोलीन, ल्यूसीन
आणि एक, ज्याचं नाव मुलांना सांगितलं नव्हतं.

पाठीचा कणा बहुतेकांचा एकसारखा, मी फळ्यावर लिहिलं,
फरक बाजूला लोंबणाऱ्या साखळीचा.
कुणाची तेलकट, पाणी दिसलं की अंग चोरणारी,
कुणाची पाण्याचा हात धरणारी,
कुणावर उघड भार, अधिक किंवा उणा,
तो लपवता येत नाही.

पाण्याला बिलगणारे कागदातल्या ओलीपाशी खाली राहतात,
तेलकट वर चढतात ब्युटेनॉलच्या पाठीवर.
चार तास लागतात.
तेवढ्यात कल्लाप्पानं चहा आणला,
दारातल्या पोराशी कन्नडात भांडला, माझ्याशी मराठीत हसला,
आणि हात भाजल्यावर पातेल्याला शिवी दिली
ती कुठल्या भाषेतली, मला अजून माहीत नाही.

कस्तुरी नेमगोंडा पाटील, रोल नंबर एकतीस,
दोन पुस्तकं घेऊन आली. एक आत्याचं, एक नवं.
"सर, ह्यात ग्लायसीन तेलकटात हाय
आणि ह्यात पाण्याच्या रकान्यात. कुठलं लिहू?"
ग्लायसीनच्या बाजूला एकच हायड्रोजन.
एवढ्याशा सामानावर कुणाचं घर कुठलं, कसं ठरवायचं?
"रकाना सरकला," मी म्हणालो, "ग्लायसीन हाय तिथंच हाय."
ती हसली नाही.
"मार्क कशाला मिळतील?"

दोन वाजता निनहायड्रिन फवारलं.
लाईट गेलेली, म्हणून कोळशाच्या इस्त्रीनं कागद शेकला.
जांभळं उमटलं, मग आणखी जांभळं,
प्रोलीन तेवढं पिवळं, हट्टानं.
पाचवा डाग लायसीनच्या अगदी शेजारी.
हिस्टिडीन, मी सांगितलं.
पाणी जरा आंबट झालं की भार उचलतं,
आंबटपणा ओसरला की खाली ठेवतं.
"आणि रक्तात?"
रक्तात बहुतेक मोकळं.
तिनं वहीत तेवढंच लिहिलं: बहुतेक.

कागद उचलताना तिचं बोट लागलं, जांभळं झालं.
घामातही हेच असतात, मी म्हटलं,
दोन-तीन दिवस जाणार नाही.
डावी तर्जनी होती.
"आता घरी इचारतील, सर," ती म्हणाली,
"मत कुणाला दिलीस म्हणून."