माया सोडून

रास अल खैमा, नखीलची गल्ली.
पाटी वर अरबीत, खाली इंग्रजीत,
मराठी फक्त मास्तरांच्या शिव्यांत.
बावीस वर्षं ते कंदुरे शिवतात
आणि मी पार्टिशनच्या मागं
काजं, बटणं, तुरपाई.

परवा छावणीतून तागे आले
वाळूच्या ठिपक्यांचे,
सोबत कागद, तीस गणवेशांचा.
मास्तरांनी तो दोनदा वाचला.
"बायकांचे आहेत," म्हणाले. "लढायला जाणाऱ्या."
मग गळ्यातली टेप काढून
माझ्या गळ्यात टाकली, जरा रागानंच.
परक्या बाईला हात कोण लावणार?

अशी मी पडदा सारून पुढं आले.
कायदा कुठंतरी वर बदलला होता,
त्याची एक चिंधी उडत उडत
माझ्यापर्यंत पोचली, एवढंच.

पहिली आली अल-याझिया.
मागं आई, काळ्या अबायात, पर्स पोटाशी धरून.
मुलगी उंच. कोपर सोललेलं,
नखं मुळातून कापलेली.
"हात वर," मी म्हटलं
त्या दुकानी हिंदीत,
जी इथं सगळ्यांनाच अर्धी अर्धी येते.

छातीभोवती टेप नेली
आणि दहिवडीचं मैदान उभं राहिलं.
नवनाथच्या भरतीच्या वर्षी
रोज पहाटे मीच मोजायची त्याची छाती,
सत्त्याहत्तर, फुगवून ब्याऐंशी.
फुगव रे, अजून फुगव.
सोळाशे मीटर तो पळायचा तेव्हा
त्याच्या पुढं कोण पळायचं, वेग कळावा म्हणून?
ओढणी कमरेला बांधून, चपला हातात घेऊन, मी.
तो तीनदा नापास झाला.
माझी छाती कुणी मोजली नाही.
मोजली एकदाच, लग्नाच्या ब्लाउजला.

"श्वास भरून घे," मी तिला म्हटलं.
गणवेशाला त्याची गरज नसते.
तिनं भरला.
टेप चिमटीतून सरकत गेली,
एक, दोन, पाच, सहा.
आकडा वहीत लिहिला,
मग खोडला.
तो माझ्यापुरता होता.

तिची तक्रार एकच.
गोळी अडवणारं जाकीट पुरुषांच्या मापाचं आहे,
खांद्यावर चढतं, बगलेत कातरतं,
नेम धरायला वाकलं की हनुवटीला लागतं.
ते माझ्या हातात नाही, मी म्हटलं.
आतला शर्ट बगलेत मोकळा कापीन.
खिसे खरे ठेवीन, नुसते दाखवायचे नाही.

आई तेव्हा पहिल्यांदा बोलली.
कापड चिमटीत धरून विचारलं,
याचे डाग निघतात का?
कसले, ते ती म्हणाली नाही.
थंड पाणी, मीठ, आणि लगेच.
वाळू द्यायचं नाही.
हे काय बाईनं बाईला सांगायचं?
तेराव्या वर्षापासून हेच तर शिकलो
न्हाणीचं दार लावून.
पण ते आपलं रक्त होतं.
दुसऱ्याचं कसं निघतं,
मला माहीत नाही.

रात्री कातरीला बसले.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
डोंगराकडून चांदमारीचे आवाज,
थांबून, थांबून, मग सलग.
तिच्या नेमापुढं कुणाचा तरी नवनाथ येईल
सत्त्याहत्तर छातीचा.
तरी हात चालत होता,
आणि मनात एक पोरगी
चपला हातात घेऊन पळत होती.

शिवणीला अर्धा इंच पुरे, कागदावर लिहिलंय.
मी दीड सोडला.
भरेल, रोडावेल, पोटुशी राहील,
आत पट्टी बांधावी लागेल,
काहीही होवो, उसवून वाढवता येईल.
आम्ही शिंपी त्याला माया म्हणतो.
अरबीत काय म्हणतात कोण जाणे.

सकाळी मास्तरांनी शिवण चाचपली.
"कापड जास्त गेलंय."
"जाऊ द्या," मी म्हटलं.
बिलावर सही माझी आहे.