तूट

सोसायटीच्या माळ्यावर, खाली बर्फाचं गोदाम,
तीन दिवस मी चौकोन काढतेय.
चौकोनात होडी, चौकोनात तांडेल,
चौकोनात टोपली, वजन, भाव, बोली घेणारा.
चौकोनांमधून बाण.
बाणाला भरती-ओहोटी नसते,
हे बरं आहे, असं पहिल्या दिवशी वाटलं होतं.

सचिव पावसे म्हणाले, मॅडम, एकच बघा.
काट्यावरची मासळी आणि लिलावातली मासळी,
मेळ बसत नाय.
रोज तूट. आठ किलो, कधी अकरा.
कोण खातंय ते तुमच्या मशीनने सांगायचं,
आपण पगारातून कापू.

मी रकाना केला : जबाबदार व्यक्ती.
पुढे लाल चांदणी, म्हणजे
भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
त्या रकान्यात बसेल असा एकच माणूस होता,
काट्यावरचा मुबीन. वय एकोणीस. पगार आठ हजार.

मग खाली उतरले.
हर्णैच्या वाळूत संध्याकाळचे पाच,
बैल पोटापर्यंत पाण्यात, गाडीवर टोपल्या,
पलीकडे सुवर्णदुर्ग, अलीकडे ओरडाआरडा.
बांगड्याचा भाव माझ्या कानावरून गेला,
सुरमईचा पायावरून.
मी फक्त हात बघत होते.

काटा वाजतो, आकडा पडतो,
आणि टोपली रांगेत जाईपर्यंत
ज्याचा हात जवळ असेल तो
एक मूठ काढून मागे ठेवतो. न बघता.
कधी मुबीन, कधी तांडेल,
एकदा तर बोली हरलेला व्यापारी, तोंडाने शिव्या चालू असताना.
मागे एक जुनी पाटी, तिच्यावर ओलं गोणपाट.
दिवे लागले की द्वारकी चोगले येते,
हुसनाबी येते, आणखी एक, तिचं नाव कळलं नाही.
मासे पदरात. बोलणं नाही.
द्वारकीचा नवरा आणि हुसनाबीचा मुलगा
एकाच होडीवर होते.
होडी माझ्या यादीत आहे. स्थिती : बंद.
तो शब्द मीच दिला होता,
दोन पर्यायांतला दुसरा.

रात्री एक सुबक चौकोन काढला : मदत.
लाभार्थीचं नाव, आधार क्रमांक, अंगठा.
सकाळी द्वारकीला दाखवला, जरा कौतुकानेच.
ती खोबरेल लावलेल्या हाताने सुरी पुसत होती.
म्हणाली, लिवू नको गो बाय.
लिवलंस की दान झालं.
आता कोण देत नाय, मी घेत नाय.
जरा सांडतं.
सांडलेलं उचलायला लाज कसली?

चौकोन पुसायला एक बटण लागतं.
बटणाआधी मी दोन चहा प्यायले.

पावशांना म्हटलं, ओली मासळी आहे.
काट्यापासून लिलावापर्यंत पाणी निथळतं.
शेकडा दोन सूट धरू, तेवढ्यासाठी नाव विचारायचं नाही.
ते माझ्याकडे बघत राहिले.
पंख्याखाली पावतीपुस्तकाची पानं उलटत होती.
निथळतं, ते म्हणाले.
आमच्या आयेच्या वेळेलाही निथळायचं.

माझ्यानंतर कुणीतरी येईल,
माझ्यापेक्षा हुशार, कामाला चोख,
त्याला ही दोन टक्के गळती दिसेल.
म्हणून प्रोग्रामच्या आत, जिथे फक्त तोच वाचेल, लिहिलंय :
ही सूट काढू नये.
कारण हवं असेल तर संध्याकाळी पाचला खाली ये,
आणि हातांकडे बघ.

होडीचं मात्र राहिलंय.
'बंद' खोडलं. 'बुडाली' कुणी पाहिलेलं नाही.
'परतली नाही' लिहिलं तर हुसनाबी विचारेल,
अजून, असं का नाही लिहिलंस?
रकाना मोकळा आहे.
यादी उघडली की मशीन रोज विचारतं,
स्थिती निवडा.
मी रोज 'नंतर' दाबते.